वृंदावनापासून सात पावलांवर

लिहायला बसले खरी. पण आधी माफी मागितल्याशिवाय पहिला परिच्छेद पुढे सरकेल असे वाटत नाही. आयुष्यभर मी शाळेत भूगोल शिकवला. त्या काळात माझ्या हातून जे काही स्वतंत्र लेखन झाले ते प्रश्नपत्रिकांच्या रूपाने, आणि त्याचे वाचक नाइलाजाने वाचक झालेले होते. अशा बाईने साठी उलटल्यावर, कुणी विचारलेले नसताना, नळ आणि पाइप या विषयावर चार शब्द सांगायला पुढे यावे, हा आगाऊपणाच. ज्यांनी हे काम हातांनी शिकून त्यावर संसार उभे केले त्यांच्यापुढे तर मी बिगरीतली विद्यार्थिनी. तरीही लिहिते, कारण एका संध्याकाळी इब्रामपूरच्या आमच्या घरापुढे जमिनीतून एक कारंजे उडाले. त्याला सर्वस्वी मी कारणीभूत होते, आणि ते आठवले की अजूनही मला असे हसू फुटते की हातातला चहा बशीत उतरतो.

या सगळ्याचे मूळ म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी वयनी म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझी नोकरी डिचोलीकडच्या शाळेत. पहिली बस गाठायची म्हणजे सहाच्या ठोक्याला घर सोडायचे, आणि विहिरीवरून पाणी आणण्याची वेळही नेमकी तीच. मी पिशवी सावरत पायवाट उतरायची आणि वयनी डोक्यावर कळशी घेऊन तीच वाट चढत यायच्या. "जा गो मास्तरणी, बस चुकात," एवढेच त्या म्हणत आणि वाटेच्या कडेला सरकून मला जागा देत. भरलेली कळशी त्यांच्या डोक्यावर आणि जागा मला! माझ्या वाटचे पाणीही त्याच भरत होत्या. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही. मीही संकोचापायी कधी आभार मानले नाहीत. आमच्या घरात आभार मानणे हे थोडे नाटकी समजले जाते.

मी निवृत्त झाले त्या वर्षीच वयनींचा उजवा गुडघा बिघडला. पेडण्याच्या डॉक्टरांनी बजावले, की वजन घेऊन चढ चढायचा नाही. वयनींनी अत्यंत आदराने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कळशी घेऊन विहिरीवर गेल्या. सरकारी नळ तोपर्यंत आला होता, पण तो खाली गडग्याजवळ, म्हणजे आवाराच्या चिऱ्याच्या कुंपणाशी. तिथून स्वयंपाकघरापर्यंत पुन्हा चढ, पुन्हा कळशी. त्या नळाला पाणी दुपारी चारला येई आणि दिवे लागणीपर्यंत राही. ते पाणी पाइपाने वर, चुलीपाशी आणायचे, असे मी मनाशी ठरवले. वयनींना सांगायचे धैर्य गोळा करायला मला आठ दिवस लागले.

आमच्याकडे दोडामार्गाच्या बाजूने एक प्लंबर यायचा. कामात चोख, पण तो दशावतारी नाटकांतला नट. तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की त्याचा राक्षस उभा राहतो आणि प्लंबर अंतर्धान पावतो. दिवाळीच्या तोंडावर तो आला, त्याने जागा पाहिली, माप घेतले, आणि शांतपणे म्हणाला, "बाई, आता माजी तालीम. शिमग्याबगर माका सवड गावाची नाय."

"शिमग्यापर्यंत वयनींचा गुडघा राहणार नाही," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले. वही आणि पेन्सिल माझ्या हातात होतीच. "मगे तुमीच करा. तुमी मास्तरणी, लिवन घेवा."

त्या दुपारी ओट्यावर बसून त्याने मला सगळे शिकवले आणि मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखे लिहून घेतले. प्लॅस्टिकचा पाइप करवतीने कापायचा तो काटकोनात. तिरका कापला तर जोड आतून अर्धाच चिकटतो. कापलेल्या कडेचा कीस चाकूने आणि पॉलिश पेपरने काढायचा, कारण तोच पुढे जाऊन नळाच्या जाळीत अडकतो. आधी सगळे तुकडे कोरडेच जोडून पाहायचे, मगच सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्रव, लावायचे. सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ फासायचे, पाइप आत ढकलताना थोडा फिरवायचा, आणि मग सोडायचा नाही.

"किती वेळ धरायचा?"

"सावकाश तीस मोजा. आनी त्या जोडात एक दीस पानी सोडूचा नाय. म्हाळशेची शपथ घातली तरी नाय."

जाताना त्याने राक्षसाच्या आवाजात एक आरोळी ठोकून दाखवली. आमची मांजर दोन दिवस घरी आली नाही.

वयनींनी माझी योजना मुगाला आलेले मोड निवडता निवडता ऐकून घेतली. मग अट घातली. "तुळशीच्या लग्नाआधी खळां चोपून, सारवून तयार होऊक होया. तेच्याआधी तुझा पानी चुलीकडे इला तर इला. नाय इला, तर ता नळकांडा मी गडग्याभायर उडयतलंय. आनी मगे पावस पडापर्यंत माझ्या खळ्याक कोणी पहार लावूची नाय. सांगून ठेवतंय."

खळे म्हणजे घरापुढचे अंगण. पावसाळ्यात ते गवताने आणि शेवाळाने माखते. कार्तिकात ते खरवडून, माती घालून, लाकडी चोपण्याने बडवून सपाट करतात आणि शेणाने सारवतात. वयनींचे खळे म्हणजे गावातला नमुना. त्यावर तांदूळ सांडला तर चाळणीविना उचलता येतो. एकदा ते तयार झाले की खणायचे नाव काढणे अशक्य. माझ्यापुढे बारा दिवस होते. ते हुकले, तर वयनी त्याच गुडघ्याने पुढच्या पावसापर्यंत कळशी वाहणार, आणि मी घरी बसून ते पाहणार. पूर्वी निदान मी बसमध्ये तरी असायची.

सामान आणायला डिचोलीला गेले. हार्डवेअरच्या दुकानात पाय ठेवायची माझी पहिलीच वेळ. मी यादी सुवाच्य अक्षरात लिहून नेली होती, म्हणजे बोलावे लागणार नाही. दुकानदाराने यादी वाचली, मला पाहिले, आणि पटकन उभा राहिला. माझाच विद्यार्थी! भूगोलात दोनदा नापास.

"बाई! घरात काम कोण करता?"

"आहे एक," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते.

"नवो मनीस आसा जाल्यार सांगात ताका, टेप चड हाड म्हूण. नवे लोक टेप वायट करतात."

मी टेपची चार भेंडोळी घेतली. नवखा माणूस टेप वाया घालवतो, हे त्याचे म्हणणे किती खरे होते ते लवकरच कळले. ज्याला मी अयनवृत्ते शिकवू शकले नाही, त्याने मला टेप शिकवावी हा न्याय मला मनापासून आवडला.

खोदकाम यजमानांनी आणि मी मिळून केले. "खाणीच्या ऑफिसात तीस वर्षां काढली," यजमान कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "पण खणण्याची पाळी आता आली." गडग्यापासून खळ्यातून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत दीड वीत खोल चर काढायचा होता. जमीन म्हणजे चिऱ्याचा कातळ आणि त्यावर वर्षानुवर्षे बडवलेली माती. पहारीतून ठिणग्या उडायच्या. तेवढ्यात तुळशीवृंदावनाजवळ एक चमत्कार झाला. पहार लोण्यात गेल्यासारखी गेली! चार हात पुढे पुन्हा तसेच. मी तर हरखूनच गेले. सरळ रेषेचा हट्ट सोडला आणि चर मुद्दाम त्या दोन मऊ जागांमधून वळवून घेतला. जमीनच वाट दाखवते आहे, असे मी यजमानांना म्हणालेही. भूगोलाच्या शिक्षिकेने विचारायला हवे होते, की संपूर्ण कातळात नेमक्या याच दोन जागा मऊ का? मी नाही विचारले. मी गाणे गुणगुणत होते.

पाइप जोडण्याचे काम मला इतके आवडेल असे वाटले नव्हते. सोल्युशनचा वास, फिरवून बसवल्यावर जोडाने धरलेली पकड, मग डोळे मिटून सावकाश तीसपर्यंत मोजणे! एका जोडाला मी आनंदाच्या भरात पन्नासपर्यंत मोजले. यजमान म्हणाले, "लग्नात माझा हात इतका वेळ धरला नव्हतास."

घोडे अडले ते नळापाशी. नळ आट्यांचा असतो. तिथे सोल्युशन नाही, पांढरी टेप. मी टेप गुंडाळून नळ आवळू लागले की टेप उलगडून शेवयांसारखी बाहेर यायची. तीन भेंडोळी संपली. शेवटी चौथे उघडून मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले होते आणि वयनी मागे उभ्या राहून पाहत होत्या. मी नळाचे तोंड पलीकडे करून गुंडाळत होते.

"अगो," त्या म्हणाल्या, "वडाक सूत गुंडाळतंस तेवां काय अशी उलट्या अंगान फिरतंस? तोंड आपल्याकडे कर, आनी वडाक घालतंस तशी प्रदक्षिणा घाल."

नळाच्या आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने टेप गुंडाळली, की नळ आवळताना ती उलगडत नाही, उलट अधिक घट्ट बसते. मी दर वटपौर्णिमेला सुट्टी टाकून वडाला सूत गुंडाळले होते. पण ते ज्ञान नळाला लावता आले नाही. वयनींनी पाइपाला आयुष्यात हात लावला नव्हता. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे सात वेढे दिले. नळ असा बसला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वयनी "हूं" म्हणाल्या आणि मुगाकडे गेल्या.

आता व्हॉल्व्ह. घरातले पाणी एका जागी बंद करता आले पाहिजे, ही प्लंबरची शेवटची ताकीद. गडग्याजवळच्या जुन्या कॉकची मूठ गंजून केव्हाच तुटली होती, म्हणून मी खळ्यातच, गडगा आणि वृंदावन यांच्या दरम्यान, एक नवा व्हॉल्व्ह बसवला. भोवती छोटा खड्डा ठेवून वर चपटा चिरा झाकला. मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी आवाराचा नकाशा काढला. उत्तर दिशा वर, सूची डाव्या कोपऱ्यात, पाइप निळ्या शाईने. व्हॉल्व्हपाशी लाल टिंब आणि त्याशेजारी अक्षरे: वृंदावनापासून पूर्वेस सात पावले. नकाशा मी स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला. थोरले दीर, म्हणजे वयनींचे यजमान, त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, ते चष्मा लावून नकाशा पाहून गेले. "बरी चित्रां काढतंस," म्हणाले.

चर बुजवला गेला. वयनींनी खळे चोपले, दोन दिवस बडवले, सारवले. इतके एकसंध, की आठ दिवस आधी इथे आम्ही खणत होतो हे मलाच पटेना. पाइपाचे जोड एकाऐवजी तीन दिवस सुकले. आणि तुळशीच्या लग्नाचा दिवस उजाडला.

व्हॉल्व्ह आधीच उघडा ठेवला होता, गडग्याजवळच्या नळाला पाइप मी सकाळीच टेप लावून जोडला होता, आणि चारला पाणी येणार होते. साडेतीनपासून मी स्वयंपाकघरात नळाखाली तांब्याची कळशी ठेवून उभी. बाहेर दादा वृंदावनाभोवती माटव घालत होते. चार खांबांवर झावळ्यांचे छत, वर आंब्याचे टाळे. दर वर्षी ते तोच माटव घालतात. भटजी ओट्यावर बसून पाट मागत होते. शेजारच्या बायका चिंचा-आवळे घेऊन येऊ लागल्या होत्या. वयनींनी वृंदावन चुन्याने पांढरे करून त्यावर कावेच्या लाल रेघा ओढल्या होत्या, आणि आता त्या माझ्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

नळ आधी खोकला. मग त्याने एक दीर्घ उसासा टाकला, थुंकला, आणि पाणी आले! बोटाएवढी, सरळ, चकचकीत धार, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, चुलीपासून तीन हातांवर. कळशीत तिचा आवाज घुमायला लागला. मी वयनींकडे पाहिले. त्या कळशीकडे पाहत होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि धारेखाली धरला. "थंड हा," त्या म्हणाल्या.

कळशी अर्धी झाली असेल. बाहेर दादांच्या पहारीचा घाव पडला, "धप्प!" आणि नळाची धार माझ्या डोळ्यांसमोर बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली, मग थेंबांवर आली, मग थांबली. त्याच क्षणी खळ्यातून बायकांची किंकाळी आली.

आम्ही धावलो. तीन खांब बसले होते, चौथ्याच्या खड्ड्यापाशी दादा पहार हातात घेऊन उभे होते, आणि त्यांच्या पायांपासून एक कारंजे माटवाच्या झावळ्यांना भिडून चहूकडे कोसळत होते. वृंदावनावरच्या कावेच्या रेघा ओघळत होत्या. नवरी तुळस लग्नाआधीच न्हाऊन निघाली होती. भटजींनी नवरदेवाला, म्हणजे तबकातल्या बाळकृष्णाला, छातीशी धरून छत्री उघडली होती.

"मी चुकलंय खंय?" दादा ओरडत होते. "बापाशीच्या येळापासून ह्याच जाग्यार खांब! दर वर्षा ह्याच जाग्यार!"

तेव्हा मला उमगले. जमीन मऊ का होती ते. दर कार्तिकात तिथे खांबाचा खड्डा पडायचा, उकरला जायचा, पुन्हा बुजवला जायचा. मी तो माटव वर्षानुवर्षे पाहिला होता, पण वरच्या झावळ्या आणि टाळे. खांब जमिनीत कुठे जातात ते कधी पाहिलेच नव्हते. आणि मी माझा पाइप मोठ्या आनंदाने नेमका त्या खड्ड्यांतून ओढून नेला होता. एका खड्ड्यात पहार त्याच्या कडेने गेली होती, दुसऱ्यात थेट लागली. एक गोष्ट मात्र दादांची चुकली. पहार पाइपात घुसल्याचे जाणवताच त्यांनी ती उपसली. घुसलेली वस्तू व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत तशीच राहू द्यावी. तीच बुचाचे काम करते.

"व्हॉल्व्ह बंद करा!" यजमान ओरडले. त्यांनी एक बालदी कारंज्यावर पालथी घातली होती, त्यामुळे आता पाणी वर जाण्याऐवजी छत्रीसारखे सर्वांच्या पायांवर पसरत होते. "खंय आसा व्हॉल्व्ह?"

सगळे खळे पाहू लागले. गुळगुळीत, अखंड, वयनींचे खळे. चिरा नव्हता.

"वयनी," मी विचारले, "इथे एक चपटा चिरा होता ना?"

"होतो. मधीच वयर इल्लो, चोपणां आपटी तेका. मी खाली दाबून वयसून सारवलंय."

"नकाशा!" दादा गरजले, आणि माझे मन अभिमानाने भरून आले. ते आत जाऊन वाचून आले. "वृंदावनापासून पूर्वेस सात पावले." त्यांनी वृंदावनाला पाठ लावली आणि सात ढांगा टाकल्या. दादा सहा फूट उंच. पहार घातली, नुसता कातळ. यजमानांनी बालदीवरून हात न काढताच सांगितले, "पावलां म्हणजे ढांगा न्हय, पाऊल!" म्हणून दादांनी पावलाला पाऊल चिकटवून सात पावले मोजली. तेही नव्हे. मग वयनींनी पदर खोचला आणि लंगडत सात पावले टाकली. तिसरा खड्डा. वयनींच्या नमुनेदार खळ्यात आता तीन खड्डे आणि एक कारंजे होते.

ओट्यावरून भटजी म्हणाले, "सप्तपदी लग्न लागल्यावर असते हो. आणि ती वधू-वरांनी घालायची!"

अंतर कधी पावलांनी देऊ नये, पट्टीने मोजावे, आणि एका नव्हे तर दोन पक्क्या खुणांपासून द्यावे, हे मी प्रत्येक वर्गाला शिकवले आहे. दुकानात बसलेला तो विद्यार्थी यात नापास झाला होता, आणि आता मीही झाले होते. पावले माझी होती. नेसलेल्या साडीतली, शिक्षिकेची, बस न चुकण्याइतकीच घाई असलेली. तेवढ्या सगळ्या माणसांसमोर चालायचे होते. मी वृंदावनाला पाठ लावली, डोळे जवळजवळ मिटले, आणि रोज पायवाट उतरायचे तशी चालले. सातव्या पावलावर दादांनी पहार टेकवली. "टण्ण!" चिरा.

व्हॉल्व्ह बंद झाला. कारंजे बसले. झावळ्यांतून टपटप पाणी गळत होते आणि सगळे एकमेकांकडे पाहून हसत होते. मीसुद्धा. मग माझ्या लक्षात आले की वयनी हसणाऱ्यांत नाहीत. त्या स्वयंपाकघरातून ती अर्धी कळशी घेऊन आल्या होत्या. भटजींना पाणी हवे होते, चिखलाने माखलेले पाय धुवायला हवे होते, चाळीस माणसांचा चहा व्हायचा होता. वयनींनी अर्धी कळशी जमलेल्या बायकांच्या पायांवर रिकामी केली, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि त्या विहिरीच्या वाटेला लागल्या. 

"वयनी, कळशी खाली ठेवा!"

हा आवाज माझाच होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो. या घरात तो कधीच निघाला नव्हता.  उभे होते ते भटजीसुद्धा खाली बसले. वयनी वळल्या. मला वाटले, आता मी मेले.

"मला थोडा वेळ द्या," मी मूळ आवाजात म्हणाले.

मी चिखलात गुडघे टेकले. पाइप उघडा केला. भोक बोटभर होते. ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही, म्हणून त्या वेळी कायमची दुरुस्ती शक्यच नव्हती. दादांच्या सायकलीची फाटकी ट्यूब खोपीत होती. ती उभी कापून लांब पट्टी केली, पाइप पुसला, आणि भोकाच्या वीतभर आधीपासून वीतभर पुढेपर्यंत पट्टी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत गुंडाळली. वर तारेचे पीळ. वयनी कळशी घेऊन माझ्या डोक्यावर उभ्या होत्या.

"घट्ट ओढ गो. आंबाड्याची गाठ न्हय ती."

मी घट्ट ओढली. व्हॉल्व्ह पाव भागच उघडला. तात्पुरत्या पट्टीवर पुरा दाब टाकायचा नसतो. सगळे वाकून पाहत होते. एक थेंब आला. आणखी एक आला. तिसरा पट्टीच्या कडेला लोंबकळला, आणि पडलाच नाही.

वयनी आत गेल्या. मी चिखलातच बसून राहिले. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तांब्याच्या तळावर पाणी आदळल्याचा आवाज आला, आणि तो हळूहळू भरत, चढत गेला. जनेलातून, म्हणजे खिडकीतून, वयनींचे डोके बाहेर आले.

"इला गो! पण गढूळ हा!"

दुरुस्तीनंतरचे पहिले पाणी गढूळच असते. ते वाहू द्यावे, आणि नळाची जाळी काढून धुवावी. हे मी त्यांना ओरडून सांगितले, त्या दिवशी दुसऱ्यांदा. लग्न गोरज मुहूर्तावर लागले. माटवाचा चौथा कोपरा दादांनी सुंभाने माडाला बांधला होता, त्यामुळे तुळस तिरक्या छताखाली उभी होती. मंगलाष्टके म्हणताना भटजींना दोनदा हसू आले.

दुसऱ्या दिवशी उन्हात मी तो तुकडा कापून काढला, पाइप कोरडा केला, नवा जोड बसवला, आणि चर खांबांच्या जागांपासून दोन हात दूर वळवून घेतला. खळ्याला पुन्हा पहार लागली.  शेवटी चिरा झाकला तेव्हा वयनींनी तो स्वतः वर उचलून घेतला आणि भोवती बोटाएवढी कड ठेवून सारवले.

त्या नळाला त्या कधी बरा म्हणाल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी त्यांची चुंबळ माझ्या हातात दिली. घासून मऊ झालेली, मधोमध त्यांच्या डोक्याचा आकार बसलेली.

"तुळशीक बावडेचाच पानी होया. नळाचा चलाचा नाय. आता तू हाड."

तेव्हापासून रोज सकाळी मी विहिरीवरून एक कळशी आणते. अर्धे पाणी माझ्या खांद्यावर सांडते. वयनी पायरीवर बसून, दुखरा गुडघा उन्हात पसरून, मला चालणे शिकवतात: "मान ताठ! पुस्तकां वाचून काय कळशी डोकीर रवाची नाय." वाटेत कुणी बस पकडायला निघालेली मुलगी भेटली, तर मी कडेला सरकून तिला जागा देते.

नकाशा मी नव्याने काढला आहे. व्हॉल्व्ह वृंदावनाच्या ईशान्य कोपऱ्यापासून आणि ओट्याच्या पहिल्या पायरीपासून, दोन्हीकडून पट्टीने मोजून लिहिला आहे. दादा दर तुळशीच्या लग्नाला पट्टी घेऊन तो तपासतात आणि मगच पहार उचलतात. आपला बराच वेळ घेतला, आता एवढेच विचारते: आपल्या घरातला मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे का?